मागची छत्तीस पाने

आमच्या दफ्तरखान्याच्या दारावर काळ्या चौकटीत एक सूचना टांगलेली आहे : "या काउंटीच्या न्यायालयाचे सर्व अभिलेख कार्यालयीन वेळेत प्रत्येक नागरिकास पाहणीसाठी खुले आहेत." मित्रांनो, या वाक्याचे व्याकरण निर्दोष आहे. आता शब्द तपासू. 'सर्व' म्हणजे ज्यांचा क्रमांक मागणाऱ्याला आधीच ठाऊक आहे तेवढे. कारण अर्जावर खटल्याचा क्रमांक लिहावाच लागतो, तो क्रमांक फक्त नामसूचीत असतो, आणि नामसूची काउंटरच्या आत असते. 'कार्यालयीन वेळ' बुधवारी दुपारी बाराला संपते, कारण बुधवारी दुपारी आमचे सबंध गाव कुलूप लावून मासे धरायला जाते. 'खुले' या शब्दाला लोखंडी दार आहे. 'प्रत्येक' कोण, ते पुढे येईलच.

मी एक जुनी नामसूची आहे. फौजदारी, खंड चौथा, सन १९५१ ते १९६३. राजधानीतल्या एका बांधणी कारखान्यात माझी पाने शिवली गेली, वर जाड कॅनव्हास चढवला गेला, कोपऱ्यांना तांबडे चामडे लागले. माझे वजन नऊ किलो आहे. मला उचलताना कुणाची पाठ धरू नये म्हणून माझ्या फळीला लोखंडी रूळ बसवलेले होते. ओढले की मी गुरगुरत बाहेर येत असे. ज्याच्यावर खटला झाला त्याचे नाव, वर्ष, क्रमांक आणि निकाल, एवढेच मी सांगते. पण माझ्यावाचून या इमारतीत कुणाला काही सापडत नसे, आणि त्या काळी मोठमोठे वकील माझ्यापुढे मान वाकवून उभे राहत. त्याला मी आदर समजत होते. ती केवळ बारीक अक्षराची अडचण होती.

माझी रचना सांगितली पाहिजे. पुढची चारशे पाने गोऱ्यांची होती. शेवटची छत्तीस पाने काळ्यांची. तिथे अक्षरे पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. काळ्या माणसाला बसमध्ये मागे बसवत, सिनेमागृहात माडीवर बसवत. त्याच्या गुन्ह्यानेही गोऱ्याच्या गुन्ह्याशेजारी बसू नये, इतका सखोल विचार आमच्या काउंटीने केला होता.

मग कायदे बदलले. १९६९ साली केंद्र सरकारचे तपासनीस येणार अशी वार्ता आली. नुकताच निवडून आलेला मुख्य कारकून हॉलिस ग्रँबरी एका दुपारी खळीचे भांडे आणि बांधणीचे कापड घेऊन आला. त्याने माझी मागची छत्तीस पाने कडेने चिकटवली, वरून कापड ओढले आणि ते पुठ्ठ्यासारखे दिसेल असे घोटले. तपासनिसांना त्याने सांगितले की, आमच्याकडे असला भेदभाव कधी नव्हता. त्यांनी तसे लिहून घेतले. त्यानंतर मला 'दुरुस्तीसाठी' म्हणून काउंटरवरून आतल्या पोलादी खोलीत हलवण्यात आले.

त्याआधी, मी काउंटरवर होते त्या काळात, माझ्यावरचा धुरळा एकच बाई पुसत असे. लुडी स्टॅलवर्थ. कोर्टाची झाडलोट तिने सव्वीस वर्षे केली. तिला वाचता येते हे इथे कुणाला ठाऊक नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते. १९५८ च्या मार्चमध्ये तिचा सतरा वर्षांचा मुलगा एझेल बियाण्यांचे दुकान फोडल्याच्या आरोपावरून धरला गेला होता. चार दिवसांनी खऱ्या चोराने कबुली दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फडके बाजूला ठेवले, मला उघडले, आणि मुलाच्या नावापुढचा शेरा दोनदा वाचला : खटला काढून टाकला.

आता १९८२ चा ऑक्टोबर. बुधवार, अकरा वाजून दहा मिनिटे. माझ्या खोलीच्या उघड्या दारातून काउंटर दिसत होता. तिथे लुडीची मुलगी वर्लीन उभी होती. शेजारच्या गावात ती शाळेत गणित शिकवते. मागे बाकावर चौऱ्याहत्तर वर्षांची लुडी हातात पर्स घट्ट धरून बसली होती. गुरुवारी सकाळी नऊला एझेलला शिक्षा सुनावली जायची होती. या वेळची दुकानफोडी त्याने केली होती. मी त्याला संत म्हणून रंगवणार नाही. आधीचे दोन गुन्हेही त्याचेच होते. पण आमच्या राज्यात पूर्वीचे तीन गुन्हे असले की चौथ्याला जन्मठेप होते, आणि शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, यादीत तिसरा गुन्हा म्हणून १९५८ ची ती दुकानफोडी लिहिली होती.

"क्रमांक?" ग्रँबरी म्हणाला.

"क्रमांक नाही माझ्याकडे. नाव आहे, वर्ष आहे. एझेल स्टॅलवर्थ, अठ्ठावन्न."

"क्रमांकाशिवाय फाईल निघत नाही, वर्लीन."

"मिसेस मॅकॉर्ड म्हणा. मग नामसूची द्या, मी शोधते."

"ती दुरुस्तीला काढलीय."

"कधी?"

"एकोणसत्तर साली."

बाकावरून लुडी म्हणाली, "तेरा वर्षं! एवढ्यात आमच्या नदीवर दोन पूल झाले असते, मिस्टर हॉलिस. आणि तुमचे लोक तर पूल बांधायलाही सावकाशच असतात."

एवढ्यात कॉफीचा कप हातात घेतलेला टिस्डेल आला. जमिनींचे जुने व्यवहार शोधून देणे हा त्याचा धंदा. त्याने काउंटरची फळी स्वतःच उचलली, ग्रँबरीच्या खांद्यावर थाप मारली आणि शीळ घालत तो माझ्या खोलीत शिरला.

"त्यांनी अर्ज नाही भरला," वर्लीन म्हणाली.

"ते मिस्टर टिस्डेल आहेत," ग्रँबरी म्हणाला.

मित्रांनो, 'प्रत्येक' या शब्दावर यापेक्षा नेमके भाष्य मी कोणत्याही ग्रंथात पाहिलेले नाही.

वर्लीन हलली नाही. साडेअकरा झाले. ग्रँबरीने घड्याळाकडे पाहिले, खिडकीबाहेर आपल्या मोटारीच्या टपावर बांधलेल्या गळांकडे पाहिले, आणि सुस्कारा टाकला. "थांब. मीच बघतो."

तो आत आला. त्याने मला ओढले, पुढच्या पानांतला 'एस' काढला. त्याचे बोट स्टॅफर्ड, स्टॅलिंग्ज, स्टँटन या नावांवरून सरकत गेले. मग त्याने मला मिटले. क्षणभर त्याचा तळहात माझ्या मागच्या कापडावर टेकून राहिला. दुखऱ्या जागी माणूस हात ठेवतो तसा. मला वाटले, आता. पण नाही.

"नाव नाही," तो बाहेर जाऊन म्हणाला.

"मग नसल्याचा दाखला द्या."

त्याने चिठ्ठीचा कागद ओढला. वर्लीन म्हणाली, "असा नको. छापील असतो तो. सहीचा, शिक्क्याचा."

"नसलेल्या गोष्टीचा दाखला घेऊन काय करणार तू? चौकटीत लावणार?"

लुडी म्हणाली, "आमच्या भिंतीवर नसलेल्या गोष्टी पुष्कळ टांगल्यात, मिस्टर हॉलिस. आणखी एकीला जागा करू."

छापील नमुन्यात एक वाक्य आधीपासूनच असते : 'मी सदर नामसूचीची सर्व पाने स्वतः तपासली आहेत.' ग्रँबरीची लेखणी त्या वाक्यापाशी थांबली. अकरा अठ्ठेचाळीस. बाहेर कुणीतरी त्याच्यासाठी भोंगा वाजवला. त्याने सही केली आणि शिक्का इतक्या जोरात मारला की तो मला आतपर्यंत ऐकू आला.

दारातून जाताना लुडी हळूच म्हणाली, "पोरी, नाव मागच्या पानांत आहे गं. मी रोज पुसायचे."

"ठाऊक आहे, मा. म्हणून तर 'सर्व पाने' लिहून घेतलं."

पुढच्या नऊ मिनिटांत बाहेर काय घडले ते मी पाहिले नाही. ते मला नंतर कागदांवरून कळले. एझेलला सरकारने दिलेला वकील प्रुइट जिना उतरत होता, डोक्यावर मासेमारीची टोपी. "उद्या बघू," तो म्हणाला. वर्लीनने जिन्यावरच वाट अडवली. "उद्या नऊनंतर तुम्ही काय बघणार, मिस्टर प्रुइट? माझ्या भावाची पाठ?" त्याने दाखला वाचला, मागच्या पानांचे ऐकले, आणि टोपी काढली. दोघे पुन्हा वर गेले. न्यायाधीश वेदर्सबी अंगात कोट चढवत होते. नामसूची तत्काळ ताब्यात घ्यावी, या आदेशावर त्यांची सही आहे आणि वेळही आहे : ११.५७.

इकडे ग्रँबरी माझ्यासमोर उभा होता. त्याने टिस्डेलला बाहेर काढले होते. त्याच्या हातात कागद कापायची सुरी होती. त्याने माझे मागचे पान वर उचलले, सुरीचे टोक कापडाच्या कडेशी लावले. छत्तीस पाने कापायला किती वेळ लागतो, याचा हिशोब मी त्याच्या श्वासांवर करत होते. त्याच क्षणी काउंटरची फळी आपटली. "मिस्टर ग्रँबरी, सुरी खाली ठेवा," कोर्टाचा शिपाई म्हणाला. त्याच्या मागे ढकलगाडी होती.

गुरुवारी मला न्यायाधीशांपुढे ठेवण्यात आले. ग्रँबरीने शपथेवर सांगितले की आपण सर्व पाने तपासली. न्यायाधीशांनी स्वतः कापड उचकटले. खळीबरोबर काही अक्षरेही सोलली गेली. दोन पानांवरची नावे कायमची गेली, ती कुणाची होती ते आता मलाही सांगता येणार नाही. 'एस' चे पान वाचले होते. एझेल स्टॅलवर्थ, वय १७, क्रमांक २२०६, खटला काढून टाकला. शेरीफच्या यादीतली ओळ तिथेच खोडली गेली. जन्मठेपेऐवजी सहा वर्षे झाली.

"सहा?" लुडी मुलीला म्हणाली. बोटांवर मोजून झाल्यावर तिने मान हलवली. "सहा मला जमतील."

मित्रांनो, तुमच्याही कचेरीत माझ्यासारखी एखादी वही अंधारात पडून असेल. वाळवीपासून तिला जपा, ओलीपासून जपा, आणि तिची फार काळजी घेतो म्हणून तिला आतल्या खोलीत नेणाऱ्यापासून अधिक जपा. तिला पाहायला जा. 'नाही' म्हणाले, तर ते 'नाही' कागदावर घ्या.

त्या दिवशी न्यायाधीशांनी ग्रँबरीला एकच प्रश्न विचारला : ही पाने तुम्ही का पाहिली नाहीत? लघुलेखिकेने टिपलेले उत्तर आता माझ्या पुठ्ठ्यातच ठेवलेले असते. ते असे आहे :

"ती मीच खळ लावून बंद केली होती, साहेब. आत नावं आहेत हे मला माहीत होतं. कुणाची, ते मी कधी बघितलं नाही. तेरा वर्षांत पुष्कळ लोक विचारायला आले. मी सगळ्यांना नाही म्हणालो, आणि ते सगळे गुपचूप परत गेले. मग हळूहळू मलाही वाटायला लागलं, की ती माणसं नाहीतच."