निगेटिव्हची तार

शुक्रवारी दुपारी गॅरेजात बाप-लेकीचं भांडण ऐन रंगात आलं होतं. रोजचंच होतं ते. त्यात कोणी जिंकत नसे, पण दोघांचेही घसे मोकळे होत. लेकीचा फुलांचा धंदा होता आणि फुलं पोहोचवायला ती बापाची डिझेल व्हॅन वापरत असे. त्या दिवशी तिने व्हॅनच्या मागच्या भागात विजेवर चालणारी थंड पेटी बसवली होती आणि पेटीच्या तारा पुढे बॅटरीपर्यंत ओढून आणल्या होत्या.

“मॅडम, तुम्हाला गाडी नकोच आहे,” बाबा चहाचा पेला हातात धरून म्हणाले. “तुम्हाला चाकं लावलेलं बर्फाचं कपाट हवंय.”

“फुलं सुकली की गिऱ्हाईक तुम्हाला फोन करत नाही. मला करतं.”

“करेल, मलाही करेल. गाडी रस्त्यात बंद पडली की.”

“ती तशीही बंद पडतेच की, दर सिग्नलला.”

बाबांनी पेला बाजूला ठेवला. हा त्यांचा आवडता विषय होता आणि लेकीने तो मुद्दामच काढला होता.

“बंद पडत नाही, झोपते. फरक आहे. तू थांबतेस, न्यूट्रल करतेस, क्लचवरचा पाय काढतेस. इंजिन बंद. क्लच दाबलास की चालू. पण झोपायच्या आधी ती सगळ्यांना विचारून घेते. इंजिन तापलंय ना? पट्टा लावलाय ना? दार लागलंय ना? धुराच्या गाळणीत काजळी जाळायचं काम चाललेलं नाही ना? आणि पुन्हा उठवण्याइतका दम बॅटरीत आहे ना? एकाने जरी नाही म्हणून मान हलवली तरी ती जागीच राहते. शहाणी आहे.”

“तुमच्यापेक्षा.”

“तुझ्यापेक्षा. आता बॅटरीच्या वतीने उत्तर कोण देतं, सांग.” त्यांनी निगेटिव्ह टर्मिनलवरच्या काडेपेटीएवढ्या काळ्या डबीवर टिचकी मारली. “ही. येणारा-जाणारा करंट हिच्यातून जातो म्हणून हिला कळतं. फाटकावरचा रखवालदार समज. तुझ्या पेटीची निगेटिव्ह तार गाडीच्या बॉडीला दे, म्हणजे ती फाटकातून जाईल. थेट टर्मिनलला दिलीस, तर कुंपणावरून उडी मारल्यासारखं. घर धुऊन नेलं तरी रखवालदार म्हणणार, सगळं ठीक आहे.”

मागून मिस्त्रीकाका हसले. बाबांच्याबरोबर एकतीस वर्षं या गॅरेजात काम केलेला माणूस. व्हॅनला नवी बॅटरी त्यांनीच पंधरा दिवसांपूर्वी टाकली होती. “लिहून घे गं पोरी. परीक्षेला येणार आहे.”

तेवढ्यात बाबांना कोणी तरी बाहेर बोलावलं. मिस्त्रीकाकाही मागोमाग गेले.

बॉडीचा बोल्ट गंजून घट्ट बसला होता. पाना दोनदा निसटला आणि तिच्या बोटाचं सालपट निघालं. बाहेर बादल्यांतून फुलं ताटकळत होती, उद्याच्या सकाळचं मोठं काम होतं. टर्मिनलच्या बोल्टवर मात्र जागा होती. अर्ध्या मिनिटाचं काम. उद्या दुपारी सावकाश बदलू, असं म्हणत तिने तार तिथेच आवळली.

“झालं का?” बाहेरून बाबांचा आवाज आला.

“झालं.”

“तार कुठे दिलीस?”

“बॉडीला हो! किती वेळा विचाराल?”

एवढंच. मग तिने फुलं भरली, पेटी चालू केली आणि ती रात्रभर तशीच चालू राहिली.

सकाळी साडेसातला बाबा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले आणि उठेनात. छातीवर कोणी तरी गुडघा टेकवून बसलंय, असं म्हणाले. चेहरा घामाने डबडबला होता. आईने ॲम्ब्युलन्स बोलवायला फोन उचलला, तर बाबांनी हाताने नको म्हणून सांगितलं. “ती येईपर्यंत आपण पोहोचू. आठ मिनिटांचा रस्ता.” आई त्यांची कागदपत्रं शोधायला वर धावली. मी रिक्षाने येते, तुम्ही थांबू नका, असं वरूनच ओरडली.

लेकीने बाबांना व्हॅनमध्ये बसवून किल्ली फिरवली. व्हॅन चालू झाली. जरा कण्हतच, पण झाली.

पहिल्या सिग्नलला इंजिन थांबलं आणि तिने क्लच दाबताच उठलं. दुसऱ्या सिग्नलला उठायला किंचित वेळ घेतला. बाबांनी डोळे उघडले. एकतीस वर्षं इंजिनं ऐकलेला कान तो. दुखण्यातही त्याला तो चुकलेला ताल कळला असावा. ते डॅशबोर्डकडे पाहत राहिले. तिने पाहिलं नाही. तिचं सगळं लक्ष समोरच्या बसच्या मागच्या दिव्यांवर होतं. मागे पेटीचा पंखा घरघरत होता. थांबण्याची ही सवय बंद करायचं एक बटण तिच्या गुडघ्याजवळच होतं. ते दाबायचं तिला सुचलं नाही.

तिसऱ्या सिग्नलला बस थांबली. व्हॅन थांबली. इंजिन शांत झालं. रखवालदाराने सांगितलं होतं, सगळं ठीक आहे.

हिरवा लागला. तिने क्लच दाबला. टक्. मग टक्-टक्-टक्. डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले आणि विझले.

“किल्ली,” बाबा म्हणाले.

तिने किल्ली फिरवली. तरीही काही नाही. मागून भोंगे सुरू झाले. ती दार उघडून रस्त्यात उतरली, हात हलवू लागली. लोकांना वाटलं, ही बाई बाजूने जायला सांगते आहे. गाड्या वळसा घालून जात राहिल्या. एक, दोन, सात. शेवटी एका टॅक्सीवाल्याने काच खाली केली. दोघांनी मिळून बाबांना उचललं. त्या दोन मिनिटांच्या धडपडीत बाबा तिच्या कानाशी म्हणाले, “बॅटरी नवी आहे… मिस्त्रीला विचार, काय झालं.”

हॉस्पिटलच्या दारात चाकांची खुर्ची येईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर मुलगी तिच्याच वयाची होती. ती म्हणाली, “पाच-दहा मिनिटं आधी आला असतात, तर कदाचित. पण तसं सांगता येत नाही.”

आईने पहिला प्रश्न विचारला तो हाच. शेवटचं काय म्हणाले?

आणि तिने सांगितलं. एक अक्षरही खोटं सांगितलं नाही. बॅटरी नवी आहे, मिस्त्रीला विचार काय झालं. पुढचं वाक्य जिभेवर होतं, ते तिने गिळलं. आई इतकी रडत होती की आत्ता नको, उद्या सांगू, असं तिला वाटलं. तिचे सगळे ‘उद्या’ असेच असत.

उद्या आईने मिस्त्रीकाकांकडे पाहिलं नाही. परवाही नाही. आठवडाभराने म्हणाली, “भाऊजी, तुम्ही आता आराम करा.” शब्द मऊ होते. ते ऐकून काका उभे होते तिथे भिंतीला टेकले.

टर्मिनलला आवळलेली ती तार चौथ्याच दिवशी तिने हलवली होती. व्हॅन ओढून आणून गॅरेजाच्या कोपऱ्यात उभी केली होती. बॉडीच्या बोल्टवर तेल सोडून ठेवलं, गंज पॉलिशपेपरने घासला, तार काढली आणि जिथे असायला हवी होती तिथे लावली. चार मिनिटं लागली. पाना जागेवर ठेवून तिने हात धुतले. साबण दोनदा लावला. मग कितीतरी वेळ नळ तसाच वाहत राहिला आणि तिला तो बंद करायचं भान राहिलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण तिने शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. दहापैकी दहा मिळाले होते.

तीन आठवड्यांनी काका आपली हत्यारं न्यायला आले. दुपारची वेळ होती. आई गॅरेजाच्या दारात उभी होती, दाराच्या चौकटीला हात लावून. काकांनी हत्यारांच्या पेटीत पाने भरले, एकेक पुसून. पेटीचं झाकण लावलं. मग न राहवून म्हणाले, “वहिनी, जाण्याआधी एकदा बॉनेट उघडून बघू का? हात लावत नाही. नुसतं बघतो.”

“बघा,” आई म्हणाली. “आता बघून काय व्हायचंय.”

लेक कामाच्या टेबलापाशी होती. तिच्या हातात एक फडकं होतं. ती ते घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घडी घालत होती.

काकांनी बॉनेट उघडून विजेरी लावली. तिचा झोत एकेका भागावरून फिरू लागला. “बॅटरी हीच. जाड प्लेटची, सारखं बंद-चालू सोसणारी. बरोबर आहे.” विजेरी सरकली. “डबी जागेवर. सैल नाही.” विजेरी पुन्हा सरकली आणि तारेमागोमाग बॉडीच्या बोल्टवर येऊन थांबली. बोल्ट चकाकत होता.

एकतीस वर्षांचा कारागीर. त्याला ताजा घासलेला बोल्ट कळणार नाही? त्या क्षणी, आता कळलंच आहे तर बरं झालं, असं लेकीला वाटलं.

“वा,” काका म्हणाले. “घासूनपुसून लावलीस पोरी. बापाने शिकवलं तशी. थंड पेटीचा काही दोष नाही.”

त्यांनी विजेरी बंद केली आणि बॉनेट हळूच खाली टेकवलं. झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसं.

“मग मीच,” ते म्हणाले.



“वहिनी, नवी बॅटरी टाकली की गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावं लागतं, जुनी गेली, नवी आली. नाही सांगितलं तर तो चुकीचा हिशेब धरतो. मी सांगितलं, असं मला वाटतंय. पण खात्री नाही. तीन आठवडे झोप नाही मला. लॅपटॉप लावला होता एवढं आठवतं. बटण दाबलं का, ते आठवत नाही. आणि ते यंत्र नुसतं ऐकून घेतं, कधी ऐकलं ते सांगत नाही.” त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “हल्ली विसरतो मी. चष्मा डोळ्यांवर ठेवून शोधतो. बायको हसते, मीही हसायचो. आता नाही हसत. काल शेजाऱ्याने स्कूटर बघायला बोलावलं, तर हात कापायला लागला. नाही म्हणून सांगितलं. माझ्यामुळे माझा भाऊ गेला, वहिनी. मी यापुढे कोणाच्या गाडीला हात लावणार नाही.”

आईचा हात चौकटीवरून खाली आला. आईचा राग आता मोडणार आणि ती त्यांना क्षमा करणार, हे लेकीला दिसलं. न केलेल्या गुन्ह्याची क्षमा. काका ती घेणार, हत्यारांची पेटी उचलणार आणि उरलेलं आयुष्य आपल्याच हातांना घाबरत काढणार. लेकीला फक्त गप्प राहायचं होतं. आणखी एक मिनिट.

“जाऊ द्या भाऊजी,” आई म्हणाली. “तुम्ही काय मुद्दाम—”

“आई, थांब.”

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. फडकं तिच्या हातातून केव्हाच पडलं होतं.

“काका, तुम्ही बटण दाबलं होतं. मी बघितलंय. मी इथेच उभी होते, तुम्ही मला म्हणालात, आता ही गाडी नव्या नवरीसारखी वागेल. तुम्ही काहीही विसरला नाहीत.” तिचा आवाज तिला परका वाटला, पण थांबला नाही. “पेटीची तार मी टर्मिनलला दिली होती. थेट. डबीला कळलंच नाही, रात्रभर पेटीने बॅटरी किती प्यायली ते. बाबांनी सांगितलं होतं, बॉडीला दे. बोल्ट निघत नव्हता आणि मला घाई होती. त्यांनी बाहेरून विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले. आणि चौथ्या दिवशी इथे येऊन ती तार मीच हलवली, कोणाला कळू नये म्हणून. मी केलं, आई. काकांनी नाही. मी.”