तोंड मिटलेली मासोळी

मित्रांनो, मी शुक्रीकाकांची जुनी काचपेटी. माझ्या पोटातल्या पाण्याला घडीभर चैन नाही, आणि म्हणून मलाही नाही. कैरोच्या शुब्रा भागात, चौथ्या मजल्यावर, काकांच्या बैठकीत मी राहते. काचवाल्याने मला जोडलं तेव्हा आधी गळले, मग सावरले.

निवृत्त झाल्यापासून काका माझ्यासमोर खुर्ची टाकून बसतात. माझ्यातले सिक्लिड मासे म्हणजे भांडकुदळ जमात. नर दिवसभर वाळू उकरतो, खडे तोंडात धरून इकडचे तिकडे करतो आणि जवळ येईल त्याच्या अंगावर धावतो. सुरुवातीला पाहुणे कौतुक करत. पुढे कोणी ढुंकून बघेना, काचेवर शेवाळ चढलं. काकांची खुर्ची मात्र हलली नाही.

एकदा मादीने खाणं सोडलं. हनुवटी फुगवून ती कोपऱ्यात येरझाऱ्या घालू लागली.

"दौलत, हिच्या तोंडात अंडी आहेत," काका म्हणाले. "पिल्लं मोठी होईतो ही खायची नाही."

"तोंडात कोणी पोरं वाढवतं का?" दौलतकाकू म्हणाल्या. "परवा शेजारची इन्साफ हिला गुबगुबीत म्हणाली, पण माशाअल्लाह काही म्हणाली नाही. नजर लागलीय हिला."

काका भाकरी आणायला खाली उतरले, तशी काकूंनी धूपदाणी पेटवून माझ्याभोवती फिरवली. मायेनेच फिरवली. पण हवेचा पंप शेजारीच होता. त्याने धूर ओढला आणि बुडबुड्यांतून पाण्यात सोडला. मी फार घाबरले. नर वर येऊन आ वासू लागला. मादीही वर आली, पण तिने तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर अंडी सांडली असती. ती कुशीवर कलली, सावरली, पुन्हा कलली.

काकू बाल्कनीत धावल्या आणि नेहमीसारखी मुलाच्या नावाने काकांना हाक मारली. "अबू नाजी, भाकरी राहू द्या, आधी वर या!"

काका धापा टाकत आले. त्यांनी पंपाची नळी उपसली, खिडक्या उघडल्या, नळाच्या पाण्यातलं औषध उडावं म्हणून बाल्कनीत मुरत ठेवलेलं पाणी आणलं. काकू रडत रडत धुरकट पाणी उपसत होत्या.

"मीच मारलं हिला."

"तोंड अजून मिटलेलं आहे तिचं," काका म्हणाले. "धीर सोडलेला नाही तिने. तू पाणी काढ."

ती वाचली. काही दिवसांनी काकू एकट्याच समोर बसलेल्या असताना तिने तोंड उघडलं. इवलीशी पिल्लं बाहेर सांडली. काकूंची बांगडी काचेला लागली, तशी सगळी घाबरून पुन्हा आईच्या तोंडात शिरली. काकूंनी हात मांडीवर घेतला आणि श्वास रोखून बसून राहिल्या.

मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण काही करायच्या आधी थोडं बघत बसा. काकू आता तशाच बसतात. दारावर कोणी आलं तर काकांनाच उठावं लागतं.