डाव्या हाताचे टाके

ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तर सालची. नदीवर नवा पूल बांधायचं काम त्या वर्षी सुरू झालं आणि त्यावर देखरेख करायला एक अमेरिकन इंजिनियर बायकोसकट गावात आला. इंजिनियर सकाळी सातला जीपमध्ये बसून जायचा तो दिवेलागणीलाच परत यायचा, त्यामुळे त्याला कुणी नीट पाहिलंच नाही. गावाने पाहिली ती त्याची बायको. अख्ख्या अमेरिकेबद्दल जे काय मत बनवायचं ते गावाने तिच्यावरूनच बनवलं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तशी.

तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तिला सगळे थँक्यूबाई म्हणत. पोस्टमनने पत्र दिलं की थँक्यू, बस थांबली की थँक्यू, जिन्यातली मांजर बाजूला झाली की तिलाही थँक्यू. एकदा दारात ठेच लागली तेव्हा ती दारालाही थँक्यू म्हणाली, असं वन्सं शपथेवर सांगायच्या.

वन्सं म्हणजे रफूताईची नणंद. उताराच्या रस्त्यावर त्यांचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान होतं. मागच्या खोलीत रफूताईचा नवरा इस्त्री करायचा. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर त्या दिवशी त्याला बरं नाही असं समजायचं. पुढे काउंटरवर वन्सं बसायच्या आणि भावाच्या वाटचे शब्दही वापरून टाकायच्या. खिडकीपाशी, उजेडाला, रफूताई. कसर लागलेलं, जळलेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं कापड तिच्या हाती द्यावं आणि चार दिवसांनी भोक कुठे होतं ते तिलाच विचारावं, असा तिचा हात होता. त्या कापडाचेच धागे आतल्या शिवणीतून काढून ती वीण अशी भरायची, की ते कापड जन्मात कधी फाटलंच नव्हतं असं वाटावं. हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं.

वन्संनी अमेरिका चार सिनेमांत आणि दातांच्या डॉक्टरांकडच्या एका मासिकात पाहिली होती. तेवढी त्यांना पुरली.

"तिकडे मोजा फाटला की फेकतात," त्या पावत्या लिहिता लिहिता सांगायच्या. "बटण तुटलं की शर्ट फेकतात. आणि म्हातारे झाले की आईबाप फेकतात."

"फेकत नाहीत हो, वेगळे राहतात," रफूताई म्हणायची.

"तेच ते. बाप मेला तरी पत्राने कळतं. पत्र वाचायचं, घडी घालायची, की लागले हसायला. ते हसणं बघितलंस ना हिचं? चोवीस तास दिवा लावल्यासारखं."

"वन्सं, तुम्ही कधी गेला होतात अमेरिकेला?"

"विहीर खोल आहे हे कळायला आत पडावं लागतं का, वहिनी?"

रफूताईला मात्र थँक्यूबाई आवडायची. रोज सकाळी बाजाराला जाताना ती खिडकीशी हात करायची आणि मराठीत, पाठ केलेली कविता म्हणावी तसं विचारायची, "कशा आहात?" फक्त एक खोड होती. उत्तराला थांबायची नाही. रफूताई मान वर करून "पाठ जरा दुखतेय" म्हणेपर्यंत बाई कोपऱ्यावर पोचलेली असायची.

"ऐकायचं नाही तर विचारते कशाला?" वन्सं म्हणायच्या.

"असेल त्यांच्यात पद्धत. आपण नाही का माणूस समोर जेवत असताना 'जेवताय का' म्हणून विचारत?"

थंडीच्या तोंडाला थँक्यूबाई एक कोट घेऊन आली. तपकिरी, जाड लोकरीचा, पुरुषी. तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या आत. खिशाजवळ कसर लागून भोक पडलं होतं, त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे भोक." वन्संनी पावतीवर लिहिलं, 'खिशाजवळ भोक', आणि थँक्यूबाई तीनदा थँक्यू म्हणून गेली.

रफूताईने कोट उजेडात धरला आणि तिची नजर खिशावर न थांबता डाव्या कोपरावर गेली. तिथे निळ्या, मजुराच्या पँटीच्या असाव्या अशा कापडाचं एक ठिगळ होतं. जाड काळ्या दोऱ्याने, पोतं शिवावं तसं लावलेलं. टाके कुठे नखाएवढे, कुठे बोटभर, सगळे वारा लागल्यासारखे एकीकडे कललेले. आणि गाठ, वाटाण्याएवढी, बाहेरच्या बाजूला.

"अगंबाई," रफूताई म्हणाली.

सासऱ्यांचा नियम होता, आपल्या हातून गेलेल्या कपड्यावर जखम दिसता कामा नये. आपली नाहीच, दुसऱ्याचीही नाही. त्यात या अमेरिकन माणसांना नव्याची हौस. परक्या देशात असला कोट घालायची बिचारीवर पाळी आली, लाजेने कोपराचं बोललीही नसेल. एवढी सगळ्यांना थँक्यू म्हणत फिरते, तर आपणही एकदा तिला काही द्यावं, असं रफूताईच्या मनात आलं. न विचारता द्यावं, म्हणजे तिला अवघडायला नको.

तिने ठिगळ उसवलं. दोरा कापायची तिला सवय नव्हती. एकेक टाका सैल करत तिने तो अख्खा ओढून काढला. खालचं कापड पार विरलं होतं. चार दिवस ती त्या कोपरावर वाकून बसली. कोटाच्या तळच्या शिवणीतून धागे काढले, भिंग लावून वीण मोजली, एक उभा एक आडवा धागा भरत गेली. तीस वर्षांत इतकं चांगलं काम तिच्या हातून झालं नव्हतं. नवऱ्याने बाही उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "कुठलं कोपर?" त्याच्याकडून याहून मोठं कौतुक कुणाला मिळालेलं नव्हतं.

थँक्यूबाई कोट न्यायला आली. खिशाकडे तिने पाहिलंच नाही. तिचा अंगठा आपोआप डाव्या कोपरावर गेला आणि तिथे काहीतरी शोधत फिरू लागला. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग हसू आलं. "थँक्यू," ती म्हणाली. "फार सुंदर. थँक्यू. थँक्यू." दारातून बाहेर पडेपर्यंत म्हणतच होती.

"बघ, हवेत तरंगतच गेली," वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, कपडा आवडला की माणूस कपड्याकडे बघतो. ती माझ्याकडे बघत होती."

पुढचे दिवस थँक्यूबाई रोज दिसायची. हात करायची, हसायची, "कशा आहात?" विचारायची. पण थंडी कडाक्याची पडली तरी कोट काही तिच्या अंगावर दिसेना. पातळशा जाकिटात खांदे आखडून बाजाराला जायची.

"झालं," वन्सं म्हणाल्या. "कंटाळली. फेकला असणार."

ते रफूताईला काट्यासारखं लागलं. फेकला असता तर एकवेळ बरं, असंही वाटलं. कारण दुसरी एक शंका होती ती याहून वाईट होती. तो अंगठा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आपण बाईला काही दिलं नाही, बाईचं काही काढून घेतलं. काय, ते मात्र उमगत नव्हतं. हातातलं काम तसंच धरून ती बसून राहिली, तेव्हा आतून इस्त्रीची वाफ आणि नवऱ्याचा आवाज एकदमच आला.

"विचारून ये."

सासऱ्यांचा दुसरा नियम होता, उसवलेलं फेकायचं नाही. कुठला धागा कधी कुणाला लागेल सांगता येत नाही. त्यासाठी पत्र्याचा एक डबा होता. त्यातलं निळं ठिगळ आणि काळा दोरा रुमालात बांधून रफूताई दुपारी पोस्टाच्या वरच्या मजल्यावर, थँक्यूबाईच्या घरी गेली.

दार उघडताच थँक्यूबाई सवयीने म्हणाली, "कशा आहात?"

"मी बरी आहे. तुम्ही कशा आहात?"

"छान."

रफूताई उंबऱ्यातच उभी राहिली. उत्तराची वाट बघत राहिली.

"छान," थँक्यूबाई पुन्हा म्हणाली, पण आवाज अर्धाच निघाला. आणि मग ते चोवीस तासांचं हसू विझलं. त्याच्या आत एक दमलेली, चाळिशीची, साधी बाई होती.

खोलीत दोन खुर्च्या आणि एक टेबल. वन्संच्या मासिकातलं काहीच नव्हतं. शेगडीजवळ दोरीवर मोजे वाळत होते आणि त्यांच्या टाचा काळ्या दोऱ्याने शिवलेल्या होत्या, एकीकडे कललेल्या टाक्यांनी. रफूताईला हस्ताक्षर ओळखावं तसे ते ओळखू आले. तिने रुमाल सोडून टेबलावर ठेवला.

"हे तुम्ही शिवलं होतं?"

थँक्यूबाईने ठिगळ उचलून मुठीत धरलं. "नाही. वडिलांनी," ती एकेक शब्द जुळवत म्हणाली. "मला त्यांनीच शिकवलं. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची. ते दुधाचा ट्रक चालवायचे. कोपर असं, खिडकीवर. तिथेच घासलं." मूठ न सोडता म्हणाली, "ते मार्चमध्ये गेले. पत्र आलं तेव्हा नऊ दिवस झाले होते. मग बहिणीने कोट पाठवला."

रफूताईला वन्संचं बोलणं आठवलं आणि तिने मान खाली घातली.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?" आपण तुम्हीवरून तूवर कधी आलो, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"तुम्ही चार दिवस काम केलं. माझ्यासाठी. रडले असते तर तुम्हाला वाटलं असतं, काम वाईट आहे. आमच्याकडे आधी थँक्यू म्हणतात. रडायचं घरी जाऊन."

"आमच्याकडे आधी भांडतात, मग रडतात, मग चहा पितात," रफूताई म्हणाली. "सगळं एका बैठकीत उरकतं. उद्या सकाळी कोट घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी खिडकीशी दोन स्टुलं मांडली. ठिगळावर जुनी भोकं होती, दोरा तोच होता, म्हणजे काम घटकाभराचं. पण रफूताईचा हात ऐकेना. वाकडा टाका घालायला जावं आणि तो सरळ पडावा. तिने तीनदा घातलं, तीनदा उसवलं.

"वहिनी, हे आपल्यातच ठेव," वन्सं काउंटरवरून म्हणाल्या. "वाईट शिवता येत नाही हे कळलं तर लोक काय म्हणतील?"

"टाके कलतात कसे तेच कळत नाहीये."

"ते डावखुरे होते," थँक्यूबाई म्हणाली. "आणि सुई मोठी. पोत्याची."

वन्सं उठल्या, शेजारच्या धान्याच्या दुकानातून पोती शिवायचं दाभण घेऊन आल्या आणि बाही ताणून धरायला खाली बसल्या. रफूताईने दाभण डाव्या हातात घेतलं. तो हात आजवर फक्त कापड धरायला शिकला होता. पहिला टाका बोटभर गेला, दुसरा नखाएवढा. तिच्या कपाळावर घाम आला. कधी नव्हे ते लहान पोरीसारखी जीभ बाहेर काढून ती शिवू लागली, आणि काळे टाके एकामागून एक, वारा लागल्यासारखे, एकीकडे कलत गेले. खाली तिचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं रफू ठिगळाआड झाकलं जात होतं. तिने एकदा त्याच्यावरून बोट फिरवलं आणि पुढचा टाका घातला.

शेवटच्या कोपऱ्याशी दोरा संपला. तीनदा घालून उसवताना शेवटचा तुकडा गाठीपाशी झिजून तुटला असावा. तीन टाके उरले होते.

रफूताईने साधा काळा दोरा ओवला आणि दाभण थँक्यूबाईच्या हातात दिलं. "हे तीन तुझे."

बाईने ते आपल्या उजव्या हाताने घातले. तरीही कललेच, शिकवणाऱ्याचं वळण. गाठ मारली ती वाटाण्याएवढी, बाहेरच्या बाजूला.

"हे अगदी तसंच नाही झालं," रफूताई म्हणाली.

"नाही," थँक्यूबाई म्हणाली. तिने कोट चढवला, अंगठा कोपरावर नेला आणि तिथेच ठेवला. मग खुशाल रडली, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. वन्संनी चहा केला.

जाताना ती थँक्यू म्हणायची विसरली. उतार निम्मा उतरून गेल्यावर परत आली. वन्संना वाटलं, आलीच म्हणायला. पण ती खिडकीशी वाकली आणि म्हणाली, "कशा आहात?" आणि उभी राहिली.

"पाठ दुखतेय," रफूताई म्हणाली. आणि पुढे पाव तास तिने पाठीचं सगळं साग्रसंगीत सांगितलं.

पूल दोन वर्षांत झाला आणि इंजिनियर बायकोसकट परत गेला. पूल अजून आहे. मधला एक खांब जरा खचलाय म्हणतात. थँक्यूबाईचं पत्र दरवर्षी यायचं आणि त्यात पहिली ओळ रफूताईच्या पाठीची चौकशी असायची. वन्संची अमेरिकेबद्दलची मतं पार उलटली, पण ठामपणा तोच राहिला. "तिकडे कुणी काही फेकत नाही," त्या सांगायच्या. "एक मोजा तीन पिढ्या वापरतात." शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येईनात, तेव्हा त्या पाणी देणाऱ्याला, दार उघडणाऱ्याला, मांजरालासुद्धा थँक्यू म्हणायच्या. रफूताईचा नवरा जसा जगला तसाच न बोलता गेला. दुकानात आता किल्ल्या करणारा बसतो. रफूताईने डोळे अधू झाल्यावर, नव्वद सालानंतर, सुई खाली ठेवली.

थँक्यूबाई गेल्याचं पत्राने कळलं, बारा दिवसांनी. लिहिलं होतं तिच्या मुलीने. कोट आता तिच्याकडे होता. उजवं कोपरही विरलं म्हणून तिने स्वतःच ठिगळ लावलं होतं, फार वाकडं आलं होतं, आणि चांगल्या कारागिराकडे न्यावं का असं ती विचारत होती.

रफूताईने भाचीला समोर बसवून उत्तर लिहवून घेतलं. आधी तिच्या आईबद्दल लिहिलं, मग पाठीबद्दल, आणि शेवटी, ठिगळ पक्कं बसलं असेल तर राहू दे, उसवू नकोस.