साहेब शेवटी

आसाराम हवालदार पेन्शनीवर गावी आला तेव्हा लोकांनी चौसाळ्याच्या फाट्यापासून हलगी लावून त्याला घरी आणलं. हार घालणाऱ्यांत सोसायटीचे चेअरमन सुंदरराव सगळ्यांच्या पुढे होते. आसारामने मान वाकवून हार घेतला आणि तिथंच मनाशी पक्कं केलं, या माणसाला सोडायचं नाही.

गोष्ट जुनी होती, पण त्याच्यासाठी कालचीच. मागच्या मोठ्या दुष्काळात तो सरहद्दीवर होता, बायको सावित्री बाळंतपणाला माहेरी, निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं आणि घरात एकटी आई, बायनाबाई. टँकर सोसायटीच्या विहिरीत रिकामा व्हायचा, मग लोक पोहऱ्यानं पाणी शेंदून न्यायचे. एके दिवशी टँकरची पाठ वळल्याबरोबर चेअरमननी विहिरीत पाइप सोडला, इंजिन लावलं आणि आपल्या मोसंबीसाठी टाकी भरून घेतली. बायनाबाईचा नंबर आला तेव्हा खाली नुसता गाळ उरला होता. गढूळ का होईना, घागरभर मिळावं म्हणून म्हातारी काठावरून वाकली, ती गेलीच. त्या वेळी आसाराम जिथं उभा होता तिथं नजर जाईल तिकडं बर्फ होता. एवढं पाणी डोळ्यांसमोर आणि घागरभर पाण्यापायी आई गेली, हे त्याला कधीच गिळता आलं नाही.

तो पोहोचला तेव्हा दहावाही उरकला होता. सुंदरराव भेटायला आले, तंबाखू मळत ओट्यावर बसले आणि म्हणाले, "काय करावं आसाराम, म्हातारीला लई घाई झालती."

घाई! जी बाई जन्मभर घरादाराला वाढून मग उरलंसुरलं खायची, तिला म्हणे घाई! पाइपाची हकीकत शेजारच्या वच्छलाबाईनं त्याला हळूच सांगितली. बाकी गाव मिठाची गुळणी धरून होतं, कारण खत-बियाणं सगळं चेअरमनच्या मर्जीनं मिळायचं. आसारामला सुंदररावांचा जीव नको होता. त्याला तो शब्द परत हवा होता. त्याच विहिरीवर, सगळ्या गावासमोर, त्यांच्याच तोंडून.

यंदा पुन्हा आभाळानं दगा दिला आणि टँकर सुरू झाले. पाण्यावरून डोकी फुटायला लागली. सिदू आणि बंकट हे गावातले आणखी दोन माजी सैनिक. भले गडी. ते म्हणाले, "हवालदार, आपुन तिघं पाण्यावर उभं राहू. फुकट. गावाचं आपल्यावर देणं हाय." आसारामने लगेच मान डोलावली. आता उगाच खोटं कशाला सांगा, सेवाबिवा काही त्याच्या मनात नव्हती. त्याला विहीर दिसत होती.

मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरली. माजी सैनिक पाणी वाटणार म्हटल्यावर सुंदरराव सावध झाले. "वाटा की," ते म्हणाले, "पर पाणीसमितीला अध्यक्ष नगं का?" सोसायटीची निवडणूक तोंडावर होती आणि गडी मानाला हपापलेला. आसाराम याचीच वाट बघत होता.

"अध्यक्ष तुमीच, चेअरमन. तुमच्याबिगर कोन? फकस्त काम पलटणीच्या कायद्यानं चालंल."

"चालंल म्हंजी? पळंल!" सुंदररावांनी मांडीवर थाप मारली. "जो कायदा मोडंल त्याचं पाणी बंद. मग तो माझा बाप का असंना. नारायणगडाची आन!"

टाळ्या पडल्या, नारळ फुटला, हार पडला. आसारामने टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकला आणि चेअरमन फुगून टम्म झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा सालगडी सटवा ट्रॅक्टरला टाकी लावून विहिरीवर आला. सिदूनं हात आडवा केला. "साहेबांचं शेवटी."

थोड्या वेळानं कडक इस्त्रीत स्वतः सुंदरराव उगवले. "का अडवलं रं माझ्या गड्याला?"

"जयहिंद साहेब!" आसाराम साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडला. "पलटणीत लंगर लागला की आधी जवान जेवतो. शेवटचा जवान जेवल्याबिगर साहेब ताटाला हात लावत न्हाई. तुमी आमचे साहेब. आन साहेबानं सोता उभं राहायचं असतं, सोताच्या घागरीनं. गडी न्हाई चालत."

सिदूनं त्याला कोपरानं ढोसलं. "घागरीचं हे कुठल्या पलटणीत व्हतं?"

"माझ्या," आसाराम ओठातल्या ओठात म्हणाला.

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सुंदररावांची मोठी पंचाईत झाली. अध्यक्षपद सोडावं तर निवडणुकीआधी नाक कापलं जाणार, कायदा मोडावा तर गडाची आण स्वतःच घेतलेली. ते रांगेत जाऊन उभे राहिले, अगदी टोकाला. त्यांच्याही मागे फक्त आसाराम होता, कारण कायदा त्यालाही चुकला नव्हता.

त्या दिवसापासून रोज हेच. आधी म्हाताऱ्या, मग लेकुरवाळ्या, मग बाकीचे. ज्या वस्तीला कधी धड पाणी मिळालं नव्हतं तिथल्या घागरी काठोकाठ भरू लागल्या. लोक आसारामला देवमाणूस म्हणायला लागले आणि तो मनात म्हणायचा, म्हणा बापडे. चेअरमनच्या वाट्याला कधी अर्धी घागर यायची, कधी तीही नाही. मोसंबी वाळली. इस्त्री गेली, दाढी वाढली. घागर भरून झाली तरी बायका विहिरीवर रेंगाळायच्या, चेअरमन शेंदताना बघायला. आसारामला मात्र त्यांचं ते सुकलेलं तोंड बघून गार वाटायचं, अगदी पोटातून गार.

सावित्रीबाई वैतागली होती. "तुमच्या सुडापायी माझी घागर रोज कोरडी. मागून-मागून किती मागू शेजारी?"

"माग अजून थोडं," तो म्हणायचा.

एके दिवशी टँकर निम्माच आला. रांग संपत आली तेव्हा विहिरीत गाळ दिसू लागला. सुंदररावांनी पोहरा सोडला, तो खाली आपटून रिकामाच वर आला. पुन्हा सोडला. मग त्यांनी दोर लांब धरला आणि काठावर पाय रोवून ते पुढे वाकले. पार पुढे.

"चेअरमन," मागून आसाराम म्हणाला, "लई घाई झाली का?"

सुंदररावांच्या हातातला दोर थांबला. ते वाकलेलेच राहिले. कुणी हसलं नाही. आपण कुठं उभे आहोत, कसे उभे आहोत, हे त्यांना उमगलं होतं.

वच्छलाबाई घागर खाली ठेवून पुढे आली. "मी हितंच व्हते चेअरमन त्या दिवशी. बायनाबाईला घाई न्हवती. लेकुरवाळ्यांना पुढं जाऊ देत व्हती ती. तुमचा पाइप समद्यांनी बघितलाय." आणि तिच्या मागच्या दोघीतिघी बायका पहिल्यांदाच म्हणाल्या, "व्हय, बघितलाय."

सुंदरराव मागे सरकले. "आसाराम," ते पुटपुटले, "घाई मला झालती."

"मला कशाला सांगता?" आसारामने विहिरीकडे बोट केलं. "जिला सांगायचं तिला सांगा."

सुंदररावांनी त्याच्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. मग काठाला धरून त्यांनी खाली तोंड केलं. "बायनाबाई, घाई मला झालती."

विहीर कोरडी ठणठणीत. तिनं शब्द जसाच्या तसा वर फेकला, झालती, आणि तो साऱ्या गावानं ऐकला.

आसारामने आपली रिकामी घागर उचलली. डोळे भरून आले होते, ते त्यानं पुसले नाहीत. घरी सावित्रीबाईनं शेजारून आणलेल्या पाण्याचा तांब्या पुढे केला. वच्छलाबाईकडून तिला सगळं कळलं होतं.

"झालं का समाधान?"

"झालं."

"मग उद्यापासून घेऊ द्या की त्यांना आधी. म्हातारं झालंय ते बी."

आसारामने तांब्या तोंडाला लावला, सावकाश सगळा रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

"पाऊस पडू दे आधी," तो म्हणाला.