लारूचं भांडं

आमच्या गावात मयत झालं की बायका बटाटे घेऊन जातात. किसलेले बटाटे, चीज, आंबट साय, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स. काचेच्या भांड्यात भरून लालसर होईतो भाजायचे. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर आपलं नाव लिहायचं. ज्याच्याकडे भांडं राहील त्याने ते स्वतः आणून द्यायचं, दारात उभं राहून चार शब्द बोलायचे. हे कुणी कुणाला शिकवत नाही.

सरकारी साहेबांच्या त्या सभेला माझी बहीण लारू असे बटाटे घेऊन निघाली तेव्हा मी भडकलेच.

"त्या लोकांना खाऊ घालणार तू?"

"मयताचेच आहेत," ती म्हणाली. "गाडी काढ, वेल्डा."

सभा कसली, शाळेच्या जिमखान्यात मांडलेली रंगीत चित्रं. आमच्या शेजारच्या नेवाडाच्या वाळवंटात सरकारला एक प्रचंड बॉम्ब फोडून बघायचा होता. या वेळी अणूचा नाही, साधाच, असं चित्रांखाली लिहिलं होतं. पण फोडणार त्याच जमिनीवर, जिथे आमच्या लहानपणी अणुबॉम्ब फुटत आणि राखाडी धूळ येऊन आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसे. तेव्हाही साहेब लोक हसून सांगत, घाबरू नका. आमच्या आयांनी त्यांना केक खाऊ घातले. आज आमच्या आळीत गळ्यावर कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा वण नसलेली बाई शोधावी लागते. लारूचा तर आवाजच गेल्यात जमा होता.

सगळं गाव फलक घेऊन लोटलं होतं, पण माईकच ठेवला नव्हता. म्हणणं कागदावर लिहा आणि खोक्यात टाका. लारूला खोकं नको होतं. तिला एकच प्रश्न विचारायचा होता आणि उत्तर माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. टकर नावाचा एक तरुण अधिकारी चित्राशेजारी उभा होता, त्याला तिने गाठलं.

"बॉम्ब फुटला की तिथली जुनी धूळ उडून कुठे जाणार?" घोगऱ्या आवाजात तिने विचारलं.

"वाऱ्याचा अभ्यास चालू आहे, बाई."

"वारा कुठे जातो ते आम्हाला ठाऊक आहे. आम्ही तिथेच राहतो."

"तुमचा मुद्दा खोक्यात टाकता का?"

लारूने भांडं त्याच्या हातात दिलं. "जेवला नाहीस वाटतं. सगळंच घेऊन जा. भांडं मात्र आणून द्यायचं हं. खाली नाव आहे, गावात कुणीही घर दाखवेल."

गाडीत बसल्यावर ती कधी नव्हे ती खुशीत होती. "आता येईल बघ. आणि दारात आला की उत्तर दिल्याशिवाय मी सोडते होय?"

"वॉशिंग्टनचा माणूस आहे तो, लारू. त्याला काय कळतंय."

"आई असेलच की त्याला."

मग ती खिडकीशी बसून राहू लागली. दिवसेंदिवस खंगत गेली, तरी अनोळखी गाडी दिसली की मान उचलायची. मला तिचा राग यायचा आणि रडूही यायचं. चाचणी लांबणीवर पडल्याची बातमी आली तेव्हा पोरांनी हॉर्न वाजवत गाव डोक्यावर घेतलं. मी धावत तिला सांगायला गेले.

"लांबणीवर म्हणजे रद्द नव्हे," ती म्हणाली. "तो आला का?"

तो आला नाही. लारू गेली, आणि तिला पुरायच्या दिवशी सकाळी पार्सल आलं. कागदाच्या चार घड्यांत गुंडाळलेलं भांडं, लख्ख घासलेलं. बुडाची चिकटपट्टी खरवडून काढलेली, डिंकाचा डागसुद्धा ठेवला नव्हता. त्याच्या मते ते सौजन्यच असणार. मला ते भांडं त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

बटाटे मी त्यातच केले. दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवणं झाली. शेजारची आर्डिस भांडी पुसत, उलटी करून नावं वाचत, ज्याची त्याला देत होती. शेवटी एकच उरलं.

"याच्यावर नावच नाही. कुणाचं गं?"

"लारूचं."

आर्डिसने फडकं खांद्यावर टाकलं. "मग परत कुणाकडे द्यायचं?"

"माझ्याकडे दे. ते साहेब लोक पुन्हा येतील तेव्हा लागेल."

तिने पर्समधून चिकटपट्टी काढून दिली. मी त्यावर लारूचंच नाव लिहिलं.