डेकवरची काळी पावलं

धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. कुणी रिकाम्या पिंपांवर चढलं होतं, कुणी दोर बांधायच्या खुंट्यांवर एका पायावर तोल सांभाळत होतं. मधल्या लाकडी बोटीच्या डेकवर सात काळी पावलं उमटली होती. माणसाची, अनवाणी, एकामागून एक सुकाणूकडे गेलेली. पहिल्या पावलावर फेसमहाराजांनी तांब्यातलं पाणी ओतलं, डोळे मिटले, ओठ हलवले आणि पाच मिनिटांनी ब्रश फिरवला. बघता बघता पाऊल नाहीसं झालं. खालचं सागवान ताज्या बिस्किटासारखं पिवळंधमक दिसू लागलं.

"गेला! एक पाश तुटला!" महाराज गरजले. "हे पाणी साधं नाही, भक्तहो! बारा वर्षं मौन पाळून सिद्ध केलंय!"

"बारा वर्षं गप्प होते, त्याची भरपाई चाललीये," पुस्तकबाई पुटपुटली.

तिला पुस्तकबाई म्हणत ते ती वाचनालयात कामाला होती म्हणून, आणि लहानपणी याच डेकवर पालथी पडून वाचत असायची म्हणूनही. बोट तिच्या वडिलांची, अप्पांची. चाळीस वर्षं त्यांनी हिच्यातून माणसांना पैलतीरी नेलं, आणलं. चार महिन्यांपूर्वी ते गेले. गेल्या आठवड्यात महाराज धक्क्यावर आले, आणि काल सकाळी डेकवर ही पावलं दिसली.

"आत्मा बोटीत अडकलाय," असं महाराजांचं निदान. "सात पावलं धुवायची आणि बोट आश्रमाला अर्पण करायची. घरात ठेवलीत तर तो पुन्हा येईल."

अर्पणपत्र तयार होतं. ते मामाच्या खिशात होतं आणि मामाचा हात सारखा खिशाकडे जात होता. सातवं पाऊल पुसलं की आई सही करणार होती. ती डेकच्या कडेला बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर. घरी लेकीने परोपरीने सांगून पाहिलं होतं. आईचं एकच उत्तर होतं, "ते मोकळे होत असतील तर बोटीचं काय घेऊन बसलीस?"

या वाक्यापुढे पुस्तकबाईचं वाचन चाललं नव्हतं. पण रात्रभर पावलांचा विचार करताना तिच्या एक लक्षात आलं होतं. आठवडाभरात धक्क्यावर तीन बोटींवर पावलं उमटली, आणि तिन्ही लाकडी. शेजारी फायबरच्या नऊ बोटी होत्या. त्यांच्या मालकांच्या घरीही माणसं वारली होतीच. ती मात्र सगळी न अडकता सुटली! शिवाय तिन्ही बोटींवर आदल्या दिवशी महाराज पाहणीला येऊन गेले होते. अनवाणी. शिष्यांकडून परातीत पाय धुऊन घेऊन.

"मामा," ती हळूच म्हणाली, "परवा महाराजांच्या पायांचं पाणी तू बाटलीत भरून घेतलंस ना?"

"माझ्या हाताने! परातीतून थेट," मामाने पिशवीतून बाटली काढली. पाणी किंचित हिरवट होतं. "बघ कसं तेज आहे."

"प्यायला नाहीस ना?"

"एकच घोट. पोट जरा बिघडलं. पण ते म्हणाले, पाप बाहेर पडतंय."

"दे इकडे. आणि चहावाले काका, एक ग्लास कोरा चहा द्या. कडक."

ग्लास, चमचा आणि बाटली घेऊन ती डेकवर चढली. महाराज दुसऱ्या पावलावर वाकले होते.

"ताई, चहाची वेळ आहे का ही?"

"तुम्हाला नाही हो, आत्म्याला. चाळीस वर्षं सकाळी हाच चहा लागायचा त्यांना." गर्दीत हशा पिकला. तिने ग्लास वर धरला. "सगळ्यांना दिसतोय? आता यात महाराजांच्याच पायांचं पाणी टाकते."

बाटलीतल्या पाण्याची धार ग्लासात पडली आणि तांबूस चहा काळाकुट्ट झाला. थेट शाई. पुढे उभ्या असलेल्या एका बाईने "अगं बाई!" म्हणून पदर तोंडाला लावला.

"घाबरू नका, भूत नाही. पायांच्या पाण्यात हिराकस आहे. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. चहात असतो तसा तुरट अंश सागवानातही असतो. दोघांची गाठ पडली की काळा रंग येतो. पूर्वी लोक अशीच शाई करायचे. ओल्या पायांनी लाकडावर चाललात तर तेव्हा काही दिसत नाही, सकाळपर्यंत पाऊल काळं होतं. फायबरला हा तुरटपणाच नसतो, म्हणून तिथे कुणाचा आत्मा अडकत नाही."

"खोटं!" महाराज ओरडले. "बाटली बदललीय!"

मामा लाल झाला. "कुणी बदलली? माझ्या पिशवीतून हलली नाहीये ती! मी खोटारडा का?"

"आणि हे सिद्ध पाणी," म्हणत पुस्तकबाईने तांब्या उचलून थोडं पाणी ग्लासात ओतलं. चमच्याने ढवळलं. काळी शाई फिकी होत होत पुन्हा पिवळसर झाली. लोकांच्या तोंडून एकदम 'आँ' निघालं. "हा चहा कुणी पिऊ नका, विषारी आहे. हे ऑक्झॅलिक आम्ल. लाकूड उजळवायची पावडर म्हणून हार्डवेअरच्या दुकानात मिळते. बोटीतल्या अप्पांच्या फडताळातही आहे, मौन न पाळता आणलेली."

महाराज सावरले. त्यांनी आवाज मऊ केला आणि ते आईकडे वळले. "माई, हा पुस्तकी खेळ. तुमच्या धन्याची पावलं तुम्ही ओळखलीत की नाही? बायकोचं मन खोटं बोलत नाही."

सगळे आईकडे बघू लागले. पुस्तकबाईने ग्लास खाली ठेवला. आता आई 'हो' म्हणाली तर पुढे बोलण्यासारखं काही उरणार नव्हतं.

आई उठली. डेकवरून हळूहळू चालत चौथ्या पावलापाशी आली.

"हा डावा पाय," ती म्हणाली. "त्यांच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. नांगराच्या साखळीत गेली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. इथे पाच बोटं आहेत. काल सकाळीच मोजली मी."

"मग बोलली का नाहीस, आई?"

"वाटलं, तिकडे गेल्यावर परत देत असतील."

कुणी हसलं नाही.

"अगदी बरोबर, माई!" महाराजांनी झडप घातली. "परलोकात सर्व अवयव पूर्ण होतात!"

आईने त्यांच्याकडे नीट बघितलं. "असं? मग तुमचा डावा पाय ठेवा बरं या पावलाशेजारी."

महाराजांनी दोन्ही पाय कफनीखाली ओढून घेतले. इतक्या पटकन, की पिंपावरची पोरंसुद्धा समजली. "मुहूर्त टळला," असं काहीतरी बोलत ते फळीवरून उतरले, आणि मामाने "माझं पोट बिघडवलंत ते?" म्हणत त्यांची पाठ धरली. दोन्ही शिष्य परात तिथेच टाकून गर्दीत मिसळले.

"ते खोटं असेल," एक नावाडी अडखळत म्हणाला, "पण डाग तर गेला ना?"

"गेला की! पावडरीने जातोच. त्याने ओतलेली मात्र फार कडक होती. अशी सात वेळा ओतली तर लाकूड भुसभुशीत होईल. डेक धुवायचा तर आधी गोडं पाणी आणि सौम्य साबण. मऊ ब्रश, लाकडाच्या रेषांना आडवा. उभा घासला की रेषांमधलं मऊ लाकूड निघून येतं. तारेची घासणी अजिबात नको, तिचे कण गंजून असेच काळे डाग पडतात. साबणाने नाहीच निघालं तर पावडर. हातमोजे घालून, पातळ करून, आधी एका कोपऱ्यात लावून बघायची, आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं. ब्लीचमध्ये तर कधीच मिसळायची नाही, विषारी वायू निघतो. एवढंच शास्त्र आहे. याला महाराज लागत नाही, डब्यावरचं वाचता आलं तरी पुरे."

आईने धापा टाकत परतलेल्या मामाच्या खिशातून अर्पणपत्र काढलं, त्याची चौपदरी घडी केली आणि गुडघ्याखाली घेऊन ती डेकवर बसली. "ब्रश दे. आणि फडताळातले हातमोजे."

लेक शेजारी बसली. दोघी उरलेली पावलं पुसू लागल्या. डेक एकेक हात मोकळा होत गेला, तशी आईच्या डोळ्यांना धार लागली. ती पुसायला तिचे हात रिकामे नव्हते.

गर्दी पांगली तरी एक तरुण बाई खाली उभीच होती. नवरा जाऊन तिला वर्षही झालं नव्हतं. "मावशी," ती म्हणाली, "आमच्या बोटीवरही पावलं आहेत. उद्या धुणार होते महाराज."

आईने मान वर केली. "तू आणि आम्ही मिळून धुऊ. आणि पुढे कुणी काही ओतायला आलं तर आधी विचार, बाई: यात काय आहे, हे कसं होतं, आणि बदल्यात त्याला काय हवंय? न लाजता विचार. खरं असेल त्याला विचारल्याने धक्का लागत नाही." ती पुन्हा ब्रशकडे वळली. "आणि रडायचं असेल तर नुसती ये. त्यासाठी पावलं उमटायलाच हवीत असं नाही."