साखरमहाराजांचा स्वल्पविराम

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर साखरमहाराज डोळे मिटून बसले होते आणि भक्त एकेक करून रक्ताचे रिपोर्ट उंचावत होते. "एक्क्याऐंशी!" एक आजोबा ओरडले. टाळ्यांचा कडकडाट. "अठ्ठ्याहत्तर!" म्हणताना एका आजींना रडूच फुटलं. उपाशीपोटी तीनशेच्या खाली कधी न उतरलेली साखर महाराजांनी औषधाशिवाय उतरवली होती.

माझी ताई पहिल्या रांगेत होती. तिने इन्सुलिन बंद केलं होतं आणि अंगठ्याची जखम मोज्यात लपवली होती. त्या मोज्याला आता वास येत होता.

"ताई, डॉक्टरांकडे चल."

"माझा रिपोर्ट चौऱ्याहत्तर आलाय. तुझ्या डॉक्टरांना जमलं कधी? तू आपला शाळेत गणितं शिकवत राहिलास. श्रद्धा काय कळणार तुला?"

महाराजांचे नियम कडक होते. सत्तरीच्या आत दीक्षा नाही. घरी बोट टोचून साखर पाहिली की व्रत मोडलं. तपासणी एकाच लॅबमध्ये करायची, कारण बाकीची यंत्रं निगुरी. आणि तिथे नाव लिहून देताना नावापुढे स्वल्पविराम देऊन 'चरणरज' लिहायचं. "स्वल्पविराम कशाला, बाळांनो?" महाराज विचारत. "यमाला सांगायला, की बाबा रे, जरा थांब!" हॉल गहिवरायचा. यमाला विरामचिन्हं कळतात हे मला नवीन होतं.

एका भक्ताने भीत भीत विचारलं, "महाराज, रिपोर्टवर वयाच्या जागीच चरणरज छापून येतं. वय येतच नाही."

"भक्ताला वय उरतं का रे, वेड्या?"

तो बापडा ओशाळून त्यांच्या पाया पडला.

मी घरी ताईचा रिपोर्ट घेऊन बसलो. साखर चौऱ्याहत्तर. ताईही चौऱ्याहत्तरचीच. एक्क्याऐंशीवाले आजोबा आमच्या गल्लीतले, त्यांचं वयही एक्क्याऐंशी.

दुसऱ्या दिवशी मी लॅब गाठली. नावापुढे स्वल्पविराम, चरणरज आणि वय बारा, असं लिहून दिलं. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता ते टाइप केलं. रिपोर्टमध्ये माझी साखर बारा आली. एवढ्या साखरेचा माणूस बेशुद्ध पडलेला असतो आणि मी तर लॅबच्या डॉक्टरीणबाईंशी भांडत होतो. त्या रोज गठ्ठ्याने सह्या करायच्या, पण नजर फक्त सहीच्या जागेवर. माझा कागद वाचल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

पुढच्या सत्संगात मी आणि डॉक्टरीणबाई प्रोजेक्टरचा पडदा लावूनच उभे राहिलो. बाईंनी फाइल दाखवली. "मशीन प्रत्येक रुग्णाची एक ओळ देतं. नाव, मग वय, मग साखर. मध्ये फक्त स्वल्पविराम. एक्सेलमध्ये ही फाइल उघडली की प्रत्येक स्वल्पविरामाला नवा रकाना सुरू होतो. तुम्ही नावातच एक जास्तीचा घातलात, म्हणून सगळं एकेक घर पुढे सरकलं. वयाच्या घरात चरणरज, साखरेच्या घरात वय. आणि खरी साखर पुढच्या रकान्यात, जो कागदावर छापलाच जात नाही."

"यंत्राला अहंकार झालाय!" महाराज गरजले.

"यंत्राला नाही, तुला," बाई म्हणाल्या. "मी नोकरीवरून काढून टाकण्याआधी तू माझ्याच लॅबमध्ये या फाइली उघडायचास. नावात स्वल्पविराम टाकू नकोस, असं मीच तुला बजावलं होतं."

"मग आमची खरी साखर किती?" मागून कोणीतरी विचारलं.

बाई वाचत गेल्या. तीनशे अठरा. तीनशे नव्वद. ताईची चारशे छत्तीस. महाराज मागच्या दाराने सटकले. त्यांच्या मागे कोणी धावलं नाही. धावायला धड पाय होते कोणाचे!

ताईचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर ती बराच वेळ चादरीचा सपाट भाग चाचपत राहिली. मला तिचा राग आला होता आणि रडूही येत होतं.

"तुला खरंच पटलं होतं, ताई?"

"पटण्याचं काय रे," ती म्हणाली. "रोज सुई टोचून घ्यायचा कंटाळा आला होता. कोणीतरी 'नको टोचूस' म्हणणारं हवं होतं. तो म्हणाला."

एवढ्याच कंटाळ्यावर अशा भामट्यांची दुकानं चालतात. म्हणून सांगतो, चमत्काराचा आकडा हातात आला की तो दुसऱ्या लॅबमध्ये, दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. जो तपासू देत नाही, तो चोर. व्रत मोडलं तर पुन्हा धरता येतं. पाय पुन्हा फुटत नाही.